साक्षीदार एका घरचे नकोत



संमेलनाच्या अध्यक्षानं आधी स्वतःच्या अपात्रतेविषयी पाच मिनिटं बोलायचं, अशी आपल्याकडची रीत आहे. ती पाच मिनिटं झाली असं समजू या. विमानातल्या यंत्रांवर बोलायला नाशिकहून योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. १९६३ साली संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण इथून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले आणि पुढच्याच वर्षी ओझरचा मिग कारखाना स्थापन झाला. या दोन गोष्टींचा संबंध नाशिककरांना समजावून सांगावा लागत नाही. मिग-२१ नं सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगडला हवाई दलाचा निरोप घेतला आणि पुढच्याच महिन्यात ओझरला जोडलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. सुयांच्या घड्याळांपासून रंगीत पडद्यांपर्यंतचा सगळा प्रवास या एका गावानं पाहिला आहे.

या प्रवासाचं कौतुक करायला इतर वक्ते आहेत. मला एक शंका मांडायची आहे. लढाऊ विमानात महत्त्वाच्या प्रत्येक मापासाठी दोन-दोन, तीन-तीन संच असतात आणि त्या संख्येवर आपण निर्धास्त असतो. पण हे तिन्ही संच एकाच कारणानं, एकाच वेळी, एकाच दिशेनं चुकू शकतील का? कोर्टात तीन साक्षीदार उभे राहिले आणि तिघंही एकाच घरचे निघाले, तर न्यायाधीश त्यांना तीन धरत नाही. आपण मात्र धरतो.

मुळात विमानात यंत्रं आली ती माणसाचा कान खोटी साक्ष देतो म्हणून. अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळणाची सुरुवात सांगतो. वळण पंधरा-वीस सेकंद एकसारखं चालू राहिलं की तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि ‘आपण सरळ चाललो आहोत’ असं सांगतो. ढगात शिरलेला वैमानिक मग वळणातून बाहेर येताना उलट बाजूला कलल्याची शपथ घेतो. हे मनोबलानं सुटणारं दुखणं नाही; त्यावर उपाय यंत्रांचाच. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर लेफ्टनंट जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेरचं काहीही न पाहता, उड्डाण केलं, फेरी मारली आणि विमान उतरवलं. बेन केल्सी हे अधिकारी पुढच्या कॉकपिटमध्ये खबरदारी म्हणून बसले होते.

त्या विमानात काय होतं ते नीट पाहा. स्पेरी यांचा कृत्रिम क्षितिजदर्शक आणि दिशा दाखवणारा जायरो, म्हणजे फिरत्या चाकाची साक्ष. पॉल कोल्समन यांचा संवेदनशील उंचीमापक, म्हणजे हवेच्या दाबाची साक्ष. धावपट्टीची रेषा दाखवणारा रेडिओ संकेत, म्हणजे जमिनीवरून आलेली साक्ष. जोडीला चुंबकी कंपास, ज्याला कुणाचीच वीज लागत नाही. चार साक्षीदार, चार वेगवेगळ्या गावचे. कुणी हे धोरण म्हणून ठरवलं नव्हतं. त्या काळी ज्याला जे जमलं ते त्यानं करून दिलं. पण वैमानिकाला जी ‘क्रॉस-चेक’ शिकवतात, डोळे एका तबकडीवरून दुसऱ्या तबकडीवर फिरवत ठेवायची सवय, तिला अर्थ आहे तो साक्षी वेगळ्या असल्यामुळेच.

आता गुआमकडे येतो. इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण ही गोष्ट आपल्या, म्हणजे जमिनीवरच्या माणसांची आहे.

२३ फेब्रुवारी २००८ रोजी गुआमच्या अँडरसन तळावर अमेरिकेचं बी-२ बॉम्बफेकी विमान उड्डाण करतानाच कोसळलं. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले, सुमारे १.४ अब्ज डॉलरचं विमान जळून गेलं. त्या विमानात हवेचा दाब मोजणारे चोवीस संवेदक होते. गुआमच्या दमट हवेत त्यातल्या तीन संवेदकांत पाणी शिरलं होतं. उड्डाणाआधी त्यांची वाचनं इतरांशी जुळेनात, म्हणून तंत्रज्ञांनी कॅलिब्रेशन केलं. म्हणजे ओल्या संवेदकाची चूक दुरुस्ती म्हणून संगणकात कायमची बसवली. मग उड्डाणापूर्वी संवेदक गरम करणारी पिटो हीट चालू झाली, पाणी वाळलं, संवेदक खरं बोलू लागले आणि संगणक त्या खऱ्याला दुरुस्त करून खोटं करू लागला. प्रत्यक्ष वेग पुरेसा नसताना विमानानं जमीन सोडली. नाक खाली झुकलंय अशी उड्डाण-संगणकाची समजूत झाली, त्यानं ते झटक्यानं वर उचललं आणि विमान स्टॉल झालं.

चौकशीत जे निघालं ते मला अपघातापेक्षा जास्त लागलं. कॅलिब्रेशनच्या आधी पिटो हीट चालू करून ओल उडवून द्यायची, ही युक्ती काही तंत्रज्ञांना २००६ पासून ठाऊक होती. ती एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे तोंडी गेली, सगळ्यांपर्यंत गेली नाही आणि अधिकृत कार्यपद्धतीत कुणी लिहिलीच नाही. चोवीस साक्षीदार होते, हे खरं. पण ते चोवीसही एकाच दमट हँगरबाहेर उभे होते. आणि जो माणूस ‘हा साक्षीदार ओला आहे’ असं सांगू शकला असता, त्याची साक्ष नोंदवायला कागदावर रकानाच नव्हता.

आपल्याकडे हे होत नाही असं छातीठोकपणे म्हणणारा कुणी या सभागृहात असेल, तर त्यानं चहाच्या वेळी मला जरूर भेटावं. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या तळावर काम केलेल्या प्रत्येक इन्स्ट्रुमेंट फिटरच्या डोक्यात अशा दहा युक्त्या असतात. पिटो-स्टॅटिक गळतीची तपासणी कुठल्या वेळी केली की खरी येते, कुठला कनेक्टर ‘बिल्ट-इन टेस्ट’मध्ये पास होतो आणि हवेत दगा देतो. बिल्ट-इन टेस्टचा हिरवा दिवा इतकंच सांगतो की डबा बोलतो आहे. तो खरं बोलतो का, हे त्या दिव्याला कळत नाही. तरुण अभियंते त्या दिव्यावर जरा जास्तच खूश असतात, असं माझं मत आहे.

दिशादर्शनाकडे वळू. जडत्वीय यंत्रणा, आपण जिला सरळ आयएनएस म्हणतो, तिचं मला लहानपणापासून वाटणारं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. ती बाहेरचं काही ऐकत नाही, काही पाहत नाही. प्रवेग मोजते, त्याची बेरीज करत वेग काढते, पुन्हा बेरीज करून जागा काढते. माक्स शूलर या जर्मन अभियंत्यानं १९२३ मध्ये दाखवून दिलं, की अशी यंत्रणा सुमारे ८४.४ मिनिटांच्या दोलनकाळाशी जुळवली तर विमानाच्या प्रवेगानं तिची उभी रेषा ढळत नाही. तिचा दोष असा, की छोटी चूकही साठत जाते. गुण असा, की जमिनीवरून कुणीही रेडिओ लहरी सोडून तिला फसवू शकत नाही.

मात्र शाबूत यंत्रणा असणं वेगळं आणि तिचं ऐकणं वेगळं. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं ००७ क्रमांकाचं बोइंग सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि सुखोई-१५ नं पाडलं; २६९ माणसं गेली. त्या विमानात एक सोडून तीन आयएनएस होते. पण ऑटोपायलट त्यांच्याशी जोडलाच गेला नव्हता, विमान होकायंत्राच्या एका ठरलेल्या दिशेनं तासन्‌तास जात राहिलं आणि फरक कुणी ताडून पाहिला नाही. त्यानंतर अमेरिकेनं जीपीएस नागरी वापरासाठी खुली करण्याची घोषणा केली. आज खिशातल्या फोनमध्ये जे आहे, त्याच्या मुळाशी ही दुर्घटना आहे.

आपल्या हवाई दलात आयएनएस आणि जीपीएस या दोन साक्षीदारांची गाठ मजेशीर रीतीनं पडली. जग्वारसाठी १९८०च्या दशकात ‘डॅरिन’ प्रकल्प झाला. फ्रेंच आयएनएस, ब्रिटिश हेड-अप डिस्प्ले आणि फेरांटीचा चलत-नकाशा ही तीन घरची यंत्रं एका १५५३-बी डेटा बसवर बोलायला लावण्याचं काम भारतीय हवाई दलाच्या अभियंत्यांनी बंगळूरमध्ये बसून केलं. डबे विकत मिळतात, त्यांचा संसार लावून मिळत नाही, हे तिथे पहिल्यांदा नीट कळलं. दुसरीकडे १९९९ मध्ये कारगिलवर जाणाऱ्या मिग विमानांतले वैमानिक हातात धरायचा साधा जीपीएस संच आणि स्टॉपवॉच घेऊन बॉम्ब टाकत होते. तेव्हा नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली सुमारे शंभर मीटरपर्यंतची चूक असायची. ती मे २००० मध्ये काढली गेली. त्या चुकीपायी तेव्हा स्टॉपवॉच लागायचंच. याला कुणी जुगाड म्हणून हसू नये. खिशातलं स्टॉपवॉच हा उपग्रहाशी कसलंही नातं नसलेला साक्षीदार होता.

यानंतर जीपीएस इतकी स्वस्त आणि अचूक झाली, की आपण तिला प्रत्येक घरात नेऊन बसवलं. आयएनएसची साठत जाणारी चूक दुरुस्त करायला जीपीएस. नकाशावर विमानाचा ठिपका ठेवायला जीपीएस. आणि फ्रिक्वेन्सी-हॉपिंग रेडिओला सगळ्या विमानांत एकाच क्षणी उडी मारता यावी म्हणून जी अचूक वेळ लागते, तीही पुष्कळदा जीपीएसचीच. म्हणजे दिशादर्शन बिघडलं तर रेडिओवर विचारू, असं म्हणायचं. आणि रेडिओचं घड्याळ त्याच घरचं. वीस हजार किलोमीटरवरून येणारा तो संकेत इतका क्षीण असतो, की जमिनीवरचा लहानसा प्रेषकही त्याला बुडवू शकतो. त्याहून वाईट म्हणजे त्याची नक्कल करू शकतो. म्यानमारच्या मार्च २०२५ च्या भूकंपानंतर मदत घेऊन गेलेल्या आपल्या सी-१३०जे विमानांच्या उपग्रह-संकेतात गडबड झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या. मंडाले विमानतळानं तशी पूर्वसूचना दिली होती, खबरदारी घेतली होती आणि सर्व मोहिमा ठरल्याप्रमाणे पार पडल्या, असं हवाई दलानं सांगितलं. ठरल्याप्रमाणे पार पडल्या, कारण दुसरा साक्षीदार विमानात होता आणि चालक दलाला त्याचं ऐकायचा सराव होता.

कुणी म्हणेल, आपलं नाविक आहे ना. आहे, आणि हवंच. पण नाविकची कहाणी माझ्याच बाजूनं बोलते. या भारतीय उपग्रह-दिशादर्शन प्रणालीच्या पहिल्या उपग्रहात, आयआरएनएसएस-१ए मध्ये, तीन रुबिडियम घड्याळं होती, आणि तिन्ही बंद पडली. एका उपग्रहात तीन घड्याळं, तिन्ही एकाच परदेशी घराण्याची. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये देशात बनवलेलं घड्याळ आहे याचा मला आनंद झाला तो केवळ स्वदेशीच्या अभिमानानं नव्हे. नात्याबाहेरचा एक साक्षीदार आत आला, म्हणून. तरीही नाविक हा आकाशातूनच येणारा क्षीण संकेत आहे. जॅमर त्याचा पासपोर्ट पाहत नाही.

आता या संमेलनाकडून माझी अपेक्षा. सुरक्षाविश्लेषणावरचे निबंध आपल्याकडे येतात, त्यांत बिघाडाची शक्यता तीन संचांचा गुणाकार करून शून्याजवळ आणलेली असते. तो गुणाकार फक्त परस्परांशी संबंध नसलेल्या बिघाडांना लागू पडतो, हे बारावीच्या गणितात शिकवलेलं आहे. यापुढे अशा प्रत्येक निबंधाच्या लेखकानं एक तक्ता जोडावा: तिन्ही संचांना वीज कुठून येते, वेळ कुठून, हवा कुठल्या नळीतून, सॉफ्टवेअर कुणी लिहिलं आणि कॅलिब्रेशन कुणी, कुठल्या हवेत केलं. संपादक मंडळानं तक्त्याशिवाय निबंध स्वीकारू नये.

दुसरं, कंपास स्विंग, म्हणजे विमान वेगवेगळ्या दिशांना वळवून कंपासची चूक मोजणं. हे काम कंटाळवाणं आहे, उन्हात विमान फिरवत बसावं लागतं आणि ‘आता कंपास बघतं कोण’ हा युक्तिवाद मी अनेक हँगरांत ऐकला आहे. जोवर स्टँडबाय कंपास कॉकपिटमध्ये आहे तोवर त्याचं डेव्हिएशन कार्ड ताजं असलंच पाहिजे.

तिसरी अपेक्षा तंत्रज्ञांकडून आहे. दुपारचं सत्र आपण या वर्षी निबंधांऐवजी अनुभवांसाठी मोकळं ठेवलं आहे. तिथे पदव्या आणि हुद्दे विचारले जाणार नाहीत. विमानाचा प्रकार, हवामान, लक्षण आणि तुम्ही केलेली युक्ती एवढं मराठीत लिहून द्या. गोपनीय असेल ते वगळा. वाचनीय करण्याची जबाबदारी आमची. जी युक्ती कार्यपद्धतीत जाण्याजोगी आहे ती योग्य मार्गानं वर पाठवायचं काम कार्यकारिणीनं अंगावर घेतलं आहे, आणि पुढच्या संमेलनात तिचं काय झालं ते सांगण्याचंही. कोरे कागद नोंदणीच्या टेबलावर आहेत.