खोडी आणि खोडकर



मध्य रेल्वेच्या कसाऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावर कल्याण सोडलें कीं पहिलें स्थानक लागतें तें शहाडचें. बिर्ला मंदिर या नांवानें ओळखलें जाणारें विठ्ठल-रखुमाईचें देऊळ येथेंच आहे. ज्यांना आषाढीस पंढरीस जाणें घडत नाहीं अशा कल्याण-उल्हासनगरच्या भाविकांची त्या दिवशीं या देवळांत रीघ लागते. कमरेवर हात ठेवून उभा असलेला हा देव मोठा गंभीर दिसतो. परंतु संतांनीं व पुराणकारांनीं त्याची जी पूर्वपीठिका सांगितली आहे तींत गांभीर्याचा लवलेशही नाहीं. शिंक्यावरचें लोणी पळविणारा, भलत्या वेळीं वासरें सोडून देणारा, आणि चोरलेलें लोणी वानरांना वांटून वर साळसूदपणें उभा राहणारा गोकुळांतला पोर तो हाच.

योगायोग असा कीं, आजच्या घरांत मुलें ज्या खोडकरांवर लुब्ध असतात त्यांतल्या दोघांचीं नांवेंही याच देवाचीं आहेत. ‘गोलमाल ज्युनियर’ ही विनोदी चलच्चित्रमालिका १३ मे २०१९ रोजीं सॉनिक या मुलांच्या वाहिनीवर सुरू झाली. २००६ सालापासून निघालेल्या ‘गोलमाल’ या हिंदी बोलपटांतील पात्रांना शाळकरी वयांत नेऊन ती रचलेली आहे, आणि तिच्या निर्मितींत पुण्याच्या रिलायन्स अ‍ॅनिमेशन या संस्थेचा वांटा आहे. तिचे नायक गोपाळ आणि माधव. दोघेही आपापल्या टोळीचे म्होरके. आणि खोड्या काढण्यांत आपण दुसऱ्यावर ताण कशी करूं, एवढीच दोघांना विवंचना.

असल्या चित्रांनीं मुलें बिघडतात, अशी अनेक आईबापांची तक्रार असते. ही तक्रार उडवून लावण्याजोगी नाहीं. पण ती तशीच उचलून धरण्याजोगीही नाहीं. निवाडा करण्यापूर्वीं खोडकराची वंशावळ पाहणें बरें.

आपल्याकडील वंशावळ अर्थातच गोकुळापासून सुरू होते. भागवताच्या दशम स्कंधांत या खोड्यांचें वर्णन कवि स्वतः करीत नाहीं. तो तें गोपींच्या तोंडीं घालतो. गोपी यशोदेकडे गाऱ्हाणें घेऊन येतात आणि त्या गाऱ्हाण्यांतून आपल्याला खोड्या कळतात. ही योजना मोठी मार्मिक आहे. खोडीच्या गोष्टींत एकटा खोडकर असून भागत नाहीं. ज्याची खोडी काढली तो हवा, आणि ज्याच्यापाशीं दाद मागतां येईल असें वडील माणूसही हवें. पुढें यशोदा या लाडक्या पोरास दाव्यानें उखळाशीं बांधते. पोटास दावें बांधलेला तो दामोदर. ज्या समाजानें आपल्या देवाच्या खोड्या कौतुकानें गाइल्या, त्यानेंच त्याला झालेली शिक्षाही त्याच्या नांवांत कायमची गोंवून ठेविली, ही गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं.

हाच खोडकर पडद्यावर आणण्याचें श्रेयही एका मराठी माणसाकडे जातें. दादासाहेब फाळके यांनीं १९१९ सालीं ‘कालियामर्दन’ हा मूकपट काढला आणि त्यांत बाळकृष्णाची भूमिका आपली कन्या मंदाकिनी हिला दिली. कालियाचें प्रकरण चित्रपटाच्या अखेरीस येतें. तत्पूर्वीं प्रेक्षकांना पाहावयास मिळतात त्या कृष्णाच्या आणि त्याच्या सवंगड्यांच्या खोड्या. त्याआधीं १९१५ च्या सुमारास याच फाळक्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ नांवाचें एक लहानसें चित्र तयार केलें होतें. आगपेटींतल्या काड्या किंचित् हलवावयाच्या, एक छायाचित्र घ्यावयाचें, पुन्हां हलवावयाच्या, पुन्हां छायाचित्र घ्यावयाचें. आणि तीं सर्व चित्रें भराभर दाखविलीं कीं निर्जीव काड्या जणूं आपणहून नाचूं लागतात. म्हणजे चलच्चित्राची युक्ति आणि पडद्यावरचा खोडकर, हीं दोन्हीं आपल्याकडे एकाच हातून आलीं. पुढें १९३४ सालीं प्रभात कंपनीनें ‘जंबूकाका’ हें व्यंगचित्रपटाचें प्रकरणही प्रेक्षकांपुढें आणलें.

पश्चिमेकडे या घराण्याचा मूळपुरुष जर्मनींत सांपडतो. विल्हेल्म बुश या चित्रकार कवीनें १८६५ सालीं ‘मॅक्स आणि मोरिट्झ’ नांवाचें सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. दोन उनाड पोरांच्या सात खोड्या त्यांत आहेत. सातव्या खोडीनंतर त्या दोघांना पकडून गिरणींत दळण्यांत येतें आणि त्यांचे दाणे बदकें टिपून खातात! गांवांत कोणालाही हळहळ वाटत नाहीं. या जोडगोळीवरून स्फूर्ति घेऊन रुडॉल्फ डर्क्स यानें १८९७ सालीं अमेरिकेंतल्या वृत्तपत्रांत ‘कॅट्झेनजॅमर किड्स’ ही चित्रकथा सुरू केली. तेथें गिरणी गेली आणि तिच्या जागीं छडी आली. गोष्टीच्या शेवटीं पोरांना बहुधा चोप मिळे. १९८९ पासून दूरचित्रवाणीवर स्वतंत्र मालिका म्हणून आलेल्या ‘सिम्प्सन्स’मधील बार्ट हा दहा वर्षांचा वात्रट मुलगा मात्र शिक्षा भोगूनही पुढल्या भागांत तितक्याच उत्साहानें हजर होतो. गिरणी, छडी आणि शेवटीं नुसतीच पुढची गोष्ट, असा हा सव्वाशे वर्षांचा प्रवास आहे.

आपल्या वाचकांना या ठिकाणीं ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आठवल्याशिवाय राहणार नाहीं. पुस्तकांतून घरोघर पोंचलेला हा मुलगा दूरदर्शनच्या मालिकेमुळें पुढल्या पिढीलाही परिचित झाला. त्याच लेखकाची चिंगीही त्याची शोभणारी बहीण आहे. या दोघांच्या व्रात्यपणाला मनाच्या निर्मळपणाचें अस्तर आहे. ताम्हनकर गिरणीही दाखवीत नाहींत आणि छडीही फारशी उगारीत नाहींत. मुलाला दुसऱ्याचें दुःख दिसतें, एवढ्यावर ते त्याला सांभाळून नेतात.

आतां चलच्चित्राकडे वळूं. पडद्यावर दर सेकंदास २४ चित्रें सरकतात. चित्रकार पुष्कळदां एकेक चित्र दोनदां वापरतात, म्हणजे सेकंदास १२ नवीं चित्रें लागतात. अकरा मिनिटांची एक गोष्ट हातानें काढावयाची तर या हिशोबानें ७,९२० चित्रें हवींत. हल्लीं संगणकामुळें हा श्रम पुष्कळ हलका झाला आहे; परंतु तत्त्व तेंच. या रीतीनें घडलेल्या माणसाला हाड नसतें आणि वजनही नसतें. तो कड्यावरून पडतो, चपटा होतो, आणि पुढच्याच सेकंदास गोल गरगरीत होऊन धांवूं लागतो. १९४० पासून टॉम मांजर जेरी उंदराच्या मागें लागलेलें आहे आणि तें असंख्य वेळां चेंगरलें, भाजलें, फुटलें; त्याच्या अंगावर दुसऱ्या गोष्टींत एक ओरखडाही शिल्लक नसतो. आपण हंसतों तें या खात्रीमुळेंच. लहान मुलालाही ही खात्री असते, आणि म्हणून चित्र पाहणारें प्रत्येक मूल उद्यां उठून कोणाला कड्यावरून ढकलील अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

धोका निराळ्या जागीं आहे. तो आहे तेराव्या-चौदाव्या वर्षांपासूनच्या वयांत आणि त्या वयाच्या टोळींत. अमेरिकेंतील टेंपल विद्यापीठाच्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनीं २००५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३०६ जणांचे त्यांनीं तीन गट केले: १३ ते १६ वर्षांचे, १८ ते २२ वर्षांचे, आणि २४ वर्षांवरील. प्रत्येकास पडद्यावरची एक मोटार चालवावयाची होती; पिवळा दिवा लागल्यावर थांबावें कीं आणखी थोडें पुढें रेटावें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. कांहीं जणांनीं हा खेळ एकट्यानें खेळला, कांहींनीं समवयस्क सोबत्यांच्या देखत. सोबती पाहत असतां धाकट्या मुलांनीं पत्करलेला धोका एकदम वाढला. प्रौढांच्या वागण्यांत तसा फरक पडला नाहीं. तात्पर्य, या वयाचा मुलगा एकटा असतां शहाणा असतो आणि चौघांत आला कीं शौर्य दाखवूं लागतो. गोपाळ आणि माधव यांच्याभोंवतीं नेहमीं टोळी दिसते, ती चित्रकारानें उगाच काढलेली नाहीं.

शहाडच्याच लोहमार्गाचा दाखला घेऊं. कल्याणहून वाशिंदपर्यंतचा हा मार्ग १८५५ सालीं खुला झाला. आज त्यावरून उपनगरी गाड्या आणि दूर पल्ल्याच्या गाड्या सारख्या धांवत असतात. समजा, मार्गालगत चार मुलें उभीं आहेत आणि एकानें दुसऱ्यास चिथावलें, ‘त्या गाडीवर खडा मारून दाखव पाहूं!’ गाडीचा वेग ताशीं ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें २२ मीटर. मुलानें खडा नुसता हातांतून सोडला आणि समोरून येणारी गाडी त्यावर आदळली, तरी दारांत उभ्या असलेल्या उतारूला बसणारा मार हा सुमारें २५ मीटर उंचीवरून, म्हणजे सात-आठ मजल्यांवरून डोक्यांत पडलेल्या खड्याइतका असतो. जोरानें फेंकला तर विचारूंच नये. चित्रांतल्या माणसाच्या डोक्यावर टेंगूळ येतें, तारे चमकतात आणि तें नाहींसें होतें. गाडींतल्या माणसाचा डोळा परत येत नाहीं. म्हणूनच १९८९ च्या रेल्वे कायद्याचें १५२ वें कलम उतारूंना इजा करण्याच्या हेतूनें गाडीवर वस्तु फेंकणाऱ्यास जन्मठेपेची किंवा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगतें. विनाकारण सांखळी ओढणें ही अनेकांना केवळ गंमत वाटते. तिलाही १४१ व्या कलमान्वयें एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीं होऊं शकतात.

विद्यालयांतील खोडीची गोष्टही अशीच. नवागत विद्यार्थ्याची ‘जरा गंमत’ करण्याची प्रथा कोठवर गेली याची साक्ष १९९९ सालचा महाराष्ट्राचा रॅगिंग-प्रतिबंधक कायदा देतो. दोन वर्षांपर्यंतचा कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद एका ‘गमती’साठीं करावी लागली.

खुद्द गोपाळकृष्णाच्या खोडीचें काय झालें, तेंही पाहण्यासारखें आहे. शिंक्यावरचें लोणी काढण्यासाठीं सवंगड्यांनीं केलेली युक्ति दहीहंडीच्या रूपानें ठाण्या-मुंबईच्या रस्त्यांवर आली. पुढें हंड्या चढत गेल्या, बक्षिसें वाढत गेलीं, आणि सर्वांत वरच्या थरावर सर्वांत लहान पोर जाऊं लागलें. अखेर प्रकरण न्यायालयांत गेलें. मुंबई उच्च न्यायालयानें २०१४ सालीं वीस फुटांची आणि अठरा वर्षांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयांत तिचा बराच खल झाला. आणि २०१७ सालीं उंचीवरील बंधन सुटलें तरी चौदा वर्षांखालील मुलांस थरावर चढविण्याची मनाई राहिली. मौज सर्वांची आणि पडण्याची जोखीम एका चिमुरड्याची, ही वांटणी न्याय्य नव्हे, इतकाच याचा अर्थ.

मग खोडी आणि छळ यांतली सीमारेषा कोठें ओढावी? त्यासाठीं फार मोठें शास्त्र नको. वर्गांत एका मुलानें मित्राचा डबा लपविला. मधल्या सुटींत डबा निघाला, दोघेही हंसले आणि दोघांनीं मिळून तो खाल्ला, ही खोडी. त्याच मुलाचा डबा रोज लपविला जातो, तो उपाशी राहतो आणि बाकीचे हंसतात, हा छळ. हातचलाखी दोन्हींकडे एकच आहे. फरक तीन गोष्टींचा: ज्याची खोडी काढली तो शेवटीं हंसला काय? झालेली खराबी भरून येण्यासारखी आहे काय? आणि तो आपल्याला उलट खोडी काढूं शकेल इतक्या बरोबरीचा आहे काय? तिन्हीं प्रश्नांना होकार मिळाला तर वडील मंडळींनींही हंसण्यांत सामील व्हावें. एकालाही नकार आला तर यशोदेचें दावें बाहेर काढावें.

हें दावें म्हणजे छडी नव्हे, आणि दूरचित्रवाणीचा खटका बंद करणेंही नव्हे. ज्या घरांत खोडकर चित्रावर बंदी येते तेथें तेंच चित्र शेजारच्या घरीं पाहिलें जातें, आणि मग त्याविषयीं बोलणेंही बंद होतें. त्यापेक्षां वडिलांनीं पांच-दहा मिनिटें मुलाशेजारीं बसून तें पाहावें, हंसूं आल्यास मोकळेपणीं हंसावें, आणि गोष्ट संपल्यावर एवढेंच विचारावें, ‘ज्याची फजिती झाली त्याला घरीं गेल्यावर काय वाटलें असेल रे?’ मुलें या प्रश्नाचें उत्तर फार चांगलें देतात. तो विचारणारें माणूस मात्र जवळ लागतें. भागवतांत गाऱ्हाणें घेऊन येणाऱ्या गोपींना दार उघडें होतें. चित्रमालिकांत तें दार पुष्कळदां दाखविलेलें नसतें, आणि तें काम घरानेंच केलें पाहिजे.

गोकुळांतल्या खोडकरांच्या गोष्टीचा शेवट काल्यानें होतो. सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालविल्या जातात आणि कोणाच्या घरचें काय हें न विचारतां सारे जेवतात. आपल्या मुलाची खोडी अशा काल्यापर्यंत पोंचते कीं नाहीं, कोणी पंक्तीबाहेर उपाशी तर राहिला नाहीं ना, एवढें ज्या घरांत पाहिलें जातें त्या घरांत गोपाळ आणि माधव खुशाल नांदोत.