पद्मासनाची घाई

पद्मासन चित्रांत दिसतें तितकें सहज घरच्या सतरंजीवर साधत नाहीं. मी एकदां पाऊल बळेंच ओढून मांडीवर चढविलें आणि गुडघा महिनाभर दुखला. चूक कोठें होती? गुडघा बिजागरीसारखा दुमडतो. पीळ त्यास सोसत नाहीं. फिरावयाचें असतें तें खुब्यानें! म्हणून प्रथम भद्रासन, मग घडीच्या घोंगडीवर बसून अर्धपद्मासन, तेंही पाय आलटूनपालटून, असा क्रम ठेवावा. गुडघ्यांत कळ येतांच पाय सोडावा. पतंजलींनीं आसनाचीं लक्षणें स्थैर्य व सुख हींच सांगितलीं आहेत. तेव्हां आज गुडघा जमिनीपासून वीतभर वर राहिला, तर राहूं द्यावा. खुबा सैल होण्यास महिने लागतील, कदाचित् वर्षेंही. दुखावलेला गुडघा मात्र जन्मभर आठवण देतो.