जकात नाका आणि वाघ

पडद्यामागं कोळीगीतासाठी नटून बसलेल्या मुलींनो,

तुमचा मेकअप घामानं उतरायच्या आत मला खाली बसायचंय, हे ध्यानात आहे. याच हॉलमध्ये मीही एकदा अफझलखानाची दाढी चिकटवून बसलो होतो. त्या वर्षीचे पाहुणे पाऊण तास बोलले. दाढी पहिल्याच वाक्याला पडली.

मघाशी ओळख करून देताना ताई म्हणाली, ‘सरांनी कलेसाठी भरल्या पगारावर लाथ मारली.’ टाळ्याही पडल्या. लाथबिथ काही मारली नाही हो. रीतसर नोटीस दिली, ग्रॅच्युइटीचा फॉर्म भरला, पीएफचं काय होणार ते दोनदा विचारून घेतलं. पुण्यात एका कंपनीच्या हिशेब खात्यात 16 वर्षं काढलेला माणूस दुसरं काय करणार? शिवाय घरात आणखी एक पगार होता. आमची ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती समोर बसलीय म्हणून नव्हे, पण माझ्या गोष्टीतलं अर्धं धाडस तिचं आणि उरलेलं तिच्या पगाराचं.

नोकरी सोडलेला चित्रकार म्हटलं की लोक पॉल गोगँचं नाव घेतात. पॅरिसमधला शेअर दलाल. 1882 मध्ये तिथला बाजार कोसळला आणि पुढं त्यानं चित्रकलाच धरली. बायको नि पाच मुलं अखेर तिच्या माहेरी, डेन्मार्कला राहिली. चित्रं थोर आहेत, पण त्या संसाराचं जे झालं ते टाळ्या घेत सांगायचं नाही.

मला जवळचा वाटतो आंरी रूसो. हा पॅरिसच्या जकात नाक्यावर कामाला होता. तुम्हाला जकात आठवणार नाही, मुंबईतली शेवटी 2017 मध्ये बंद झाली. आईबाबांना ट्रकांच्या रांगा विचारा. तर हा बाबा शहरात येणाऱ्या मालावर कर वसूल करायचा आणि उरल्या वेळात चित्रं काढायचा. शिकवायला कुणी नाही. वादळात गवतातून झेपावणारा त्याचा वाघ आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तो 1891 चा, म्हणजे साहेब अजून नोकरीतच! फ्रान्सबाहेर रूसो कधी गेला नाही. जंगल पाहिलं ते पॅरिसच्या बागेत, काचेच्या घरातल्या झाडांचं. 1893 मध्ये, 49 व्या वर्षी, त्यानं नाका सोडला. पेन्शन तुटपुंजी, म्हणून व्हायोलिनच्या शिकवण्या घेतल्या. लोक हसायचे. हा आपला चित्रं लावत राहिला.

माझं पहिलं गिऱ्हाईक आपल्या वाईतलंच. नदीकडच्या आळीतला एक वाडा बिल्डरकडं गेला होता. वाड्यातल्या आजी म्हणाल्या, ‘पाडायच्या आधी चित्र काढून दे बाबा.’ चार दिवस समोरच्या ओट्यावर बसलो. आजी स्टूल घेऊन शेजारी. ‘ती सिंटेक्सची टाकी कशाला काढतोयस? ती मागनं बसवली. आणि तुळस डावीकडं होती, सासूबाई असताना.’ मी टाकी पुसली, तुळस हलवली. दिंडी दरवाजाच्या खालच्या फळीला एक घळ पडली होती. चार पिढ्यांच्या पायांनी झिजलेली. ती जमली तेव्हा आजी गप्प झाल्या. मला 2,500 रुपये मिळाले. घरी येऊन जुन्या खोडीनं हिशेब मांडला. फ्रेमला 900, कागद-रंग-पेट्रोल 400. राहिले 1,200, म्हणजे रोजचे 300. वाडा पाडायला आलेल्या गड्याचा रोज माझ्यापेक्षा जास्त होता!

नोकरी सोडल्यावर त्या रात्री मी पहिल्यांदा घाबरलो.

कारकुनीतून सुटलो, असं मला वाटलं होतं. तसलं काही होत नसतं. मालकही मी, शिपाईही मी, आणि वसुलीचा फोन करणाराही मीच. एका मासिकानं मुखपृष्ठाचे पैसे पुढच्या दिवाळीला दिले. तेही तीनदा आठवण केल्यावर. आता निम्मे पैसे आगाऊ घेतो, पावती फाडतो. आठवड्यातले दोन दिवस बिलं, पार्सलं आणि कराच्या कागदात जातात. हे काम मला येतं, म्हणून उरलेले दिवस ब्रश हातात राहतो. माझ्याहून सरस हात असलेले दोन मित्र पैसे मागायला लाजले आणि पुन्हा नोकरीला लागले.

आता कामच नव्हतं तेव्हाचं सांगतो. ढोल्या गणपतीचं देऊळ तुम्ही रोज पाहता. मीही लहानपणापासून काढतोय, नेहमी समोरून. मागं जाऊन पाहिलंयत कधी? मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून बाजूनं निघून जावं म्हणून. ती बाजू मी काढली नोकरी सोडल्यानंतर, पहिल्या पावसाळ्यात, एकही काम नव्हतं तेव्हा. दीड वर्षाचा घरखर्च बाजूला ठेवला होता, त्यातले सात महिने संपले होते. ते चित्र विकायचं नाही म्हणून घरी टांगलंय.

पालकांना एवढंच सांगतो की मुलानं चित्रकलेची इंटरमिजिएट दिली म्हणून घाबरू नका, आणि मुलांनो, तुम्ही अकाउंट्सच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढा, पण पुढच्या पानावर जमाखर्चही लिहा.

आता एक काम राहिलंय. येताना खालचं चित्रप्रदर्शन पाहिलं. आठवीतल्या एका मुलीनं एसटी स्टँड काढलाय; पावसातला, आणि बाकाखाली ओलं कुत्रं. ते कुत्रं मला हवंय. भाव विचारला तर म्हणाली, ‘असंच घ्या ना, सर.’ असंच नाही घेणार. कोळीगीत होईपर्यंत किंमत ठरव. कागद, रंग, किती तास बसलीस, सगळं धर. बाईंकडून एक कोरा कागद घे, पावती लिही, खाली सही कर. आणि माझ्याकडं सुट्टे नाहीत, तेव्हा आधीच सांग.