नागपूरला धाडलेला मुलगा

(सिंगापुरातल्या मंडळात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. श्रोत्यांचे प्रश्न जिथे आले तिथेच ठेवले आहेत.)

मंडळी, तुमच्या निमंत्रणात विषय होता, 'मुलांना त्यांचं आयुष्य जगू देणं : तिकडे आणि इकडे'. विषय आवडला. 'तिकडे आणि इकडे' मात्र खटकलं आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. पत्रावर सही करणाऱ्यांपैकी दोघं माझ्या पुसदच्या वर्गात बसलेले आहेत, तेव्हा हक्कानं बोलते.

आधी एका बापाविषयी. वसंतराव नाईक १८ ऑगस्ट १९७९ रोजी तुमच्या याच सिंगापुरात गेले. त्यांचं मुख्यमंत्रिपद, हरितक्रांती हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते सोडते. मला आज त्यांचे वडील हवे आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातलं गहुली, बंजाऱ्यांचा तांडा, आणि फुलसिंग नाईक त्या तांड्याचे प्रमुख. दुसऱ्यांची लग्नं, भांडणं, दंड ज्याच्यासमोर नसाबीत, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, यायचे, असं ते घर. त्यांनी राजूसिंग आणि वसंत या दोन्ही मुलांना शिकवलं. वसंत आसपासच्या गावांतून शिकत नागपूरला पोचला. मॉरिस कॉलेजातून १९३८ साली बी.ए., १९४० साली वकिलीची परीक्षा. आणि १९४१ साली नागपूरच्या घाटे कुटुंबातल्या वत्सलाबाईंशी लग्न! मुलगा बंजारा, मुलगी ब्राह्मण. जातीबाहेरची हिंदू लग्नं सरसकट वैध ठरवणारा कायदा १९४९चा, म्हणजे अजून आठ वर्षं लांब. दोन्ही समाजांत खळबळ उडाली, सुरुवातीला त्रास झाला.

पण पुढे काय झालं? अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली सुरू झालेली वकिली त्यांनी पुसदला आणली. लांब कुठे निघून गेले नाहीत, आपल्याच माणसांत संसार मांडला. १९४६ साली पुसदकरांनी त्यांना नगराध्यक्ष केलं. पुसदला पी. एन. कॉलेज आहे ना, ते पी. एन. म्हणजे फुलसिंग नाईक. त्या फाटकातून हजारो मुलं आत-बाहेर करतात. मी त्यांना दर वर्षी सांगायची की हे एका बापाचं नाव आहे, ज्यानं मुलाला नागपूरला धाडलं. आणि मुलाला नागपूरला धाडलं, की तो नागपूर घेऊनच परत येणार. तिथली भाषा, तिथले मित्र, तिथली आवड, आणि एखाद वेळी तिथली सूनही. शिक्षण तेवढं घरी आणावं आणि बाकीचं वेशीबाहेर ठेवावं, असं होत नाही.

आता तुमच्या 'तिकडे आणि इकडे'कडे येते. इकडे मोकळीक, तिकडे धाक, असं निम्मे लोक म्हणतात. तिकडे संस्कार, इकडे स्वैराचार, असं उरलेले. मला दोन्ही पटत नाही. आमच्याकडची मुलं दहावी झाली की नीटच्या क्लाससाठी लातूरला जातात. तुमची मुलं बाराव्या वर्षी प्राथमिक शाळेच्या शेवटची पीएसएलई परीक्षा देतात आणि त्याआधी किती ट्यूशन लावता, ते तुम्हीच जाणता. मुलाला काय हवं, हे दोन्हीकडे सगळ्यात शेवटी विचारतात.

तरी एक फरक आहे आणि तो तुमच्या बाजूचा नाही. घाटंजीकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. तिला नर्सिंगला जायचं होतं, त्यांना तिला डी.एड. करायचं होतं. खिशातून त्यांनी कृषी केंद्रातून मिळालेली छोटी डायरी काढली. एका पानावर कपाशीच्या बियाण्याची पाकिटं, डीएपी, फवारणीची मजुरी. पान उलटलं की मुलीची खोली, मेस, क्लासची फी, एसटीचा पास. त्याच निळ्या पेनानं, तशीच खाली रेघ मारून बेरीज. मला म्हणाले, "मॅडम, मागत नाई मी हे. फक्त लिहून ठेवतो." मुलगी पटकन म्हणाली, "लिहून ठेवलंच काहून मंग?"

मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. कोरडवाहू पाच एकर, पेरल्यावर पावसानं पंधरा दिवस ओढ दिली तर दुबार पेरणी. एकच पोर शिकवता येणार, एकच डाव. त्या माणसाची मूठ भीतीनं आवळलेली आहे. तुमचं घर आहे, पगार आहे, मुलगा एक वर्ष चुकला तरी चूल बंद पडत नाही. मग तुमची मूठ कशानं आवळली आहे? याचं उत्तर मला आज नको, घरी गेल्यावर एकमेकांना द्या. पण मनातल्या मनात तीच डायरी लिहिणारे आईबाप मी पुण्यातही पाहिलेत आणि इथेही. 'तुझ्यासाठी देश सोडला' हे तिचं पहिलं पान. देश तुम्ही स्वतःसाठी सोडलात, मुलगा तेव्हा जन्मला तरी होता का?

(प्रश्न : यवतमाळ म्हटलं की शेतकरी आत्महत्याच आठवतात. त्यावर बोलाल का?)

बोलते, पण थोडंच. तो स्वतंत्र विषय आहे. पावसावरचा कापूस, सिंचन तोकडं, बँकेनं दारात उभं केलं नाही की सावकार, हे सगळं खरं आहे. २०१९ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर पाठीमागे उरलेल्या बाईचं जगणं त्यांनी त्या मंचावरून मांडलं, तो आवाज जरूर ऐका. आपल्या विषयाशी जोडायचं तर आज शेतकरी बापच म्हणतो, जावई शेतकरी नको. शेती करणाऱ्या पोरांची लग्नं जमत नाहीत. भीती खरी आहे, पण त्या बोलण्यात मुलीला कुणी विचारलेलं नसतं. तिला एखादा शेतकरी आवडला तर?

(प्रश्न : मुलं त्यांच्या मनानं वागली तर म्हातारपणी आमच्याकडे कोण पाहणार?)

हा प्रश्न मनापासून आला, म्हणून सरळ सांगते. आईवडिलांच्या पोटगीचा कायदा भारतात २००७ साली आला, तुमच्या सिंगापुरात १९९५ सालीच. उपाशी राहणार नाही, एवढी सोय कायद्यानं झाली आहे. तुम्हाला हवी आहे ती माया, आणि लग्न मोडून किंवा आवडीचा अभ्यास सोडायला लावून ती मिळालेली मी पाहिलेली नाही. दिग्रसला, दारव्ह्याला तुमचेही आईवडील आहेत. तुम्ही त्यांना रोज फोन करता, तो काय त्यांनी फी भरली म्हणून?

(प्रश्न, मागच्या रांगेतून एका आईचा : मुलीनं चिनी मुलगा पसंत केला आहे. आम्ही तयार आहोत. पण दिग्रसला सासूबाईंना कसं सांगायचं?)

तुम्ही सांगू नका. मुलीला आजीला फोन करू दे. तिला मराठी अडखळत येत असेल तर अडखळत बोलू दे. तुम्ही सांगायला गेलात की त्यात तुमचं भय मिसळतं. सासूबाईंना आधी तेच ऐकू येईल, मुलगा नंतर. त्या चार दिवस बोलणार नाहीत कदाचित. मग विचारतील, मुलगा जेवतो काय, भावंडं किती. त्याची उत्तरंही तिलाच देऊ दे. तुम्ही फक्त दोघांना दिवाळीला दिग्रसला नेण्याची तिकिटं काढा. मुंबईपेक्षा नागपूर विमानतळ तुम्हाला जवळ पडेल.