चकणं की नुसता भास?
(मंडळाच्या आरोग्य कार्यक्रमात केलेलं भाषण)

सरकारी दवाखान्यात नेत्र सहायक म्हणून काम करताना आजीबाई हमखास विचारतात, "बाळ चकणं बघतंय का हो?"

पुष्कळदा तसं नसतं. तान्ह्या बाळाचं नाक बसकं असतं, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी येते. नाकाकडचा पांढरा भाग झाकला जातो आणि डोळा आत वळल्यासारखा भासतो. बाळ कडेला बघतं तेव्हा जास्तच. नाक वर आलं की भास जातो.

घरी बघायचं तर हातभर अंतरावरून, अगदी समोरून लहान टॉर्च दाखवा. उजेडाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत एकाच जागी दिसला, तर बहुधा भास. एका डोळ्यात मध्यावर आणि दुसऱ्यात कानाकडे सरकलेला, तर तो दुसरा डोळा खरंच आत वळलाय. आम्ही पुढे एक डोळा झाकतो. उघडा डोळा नजर लावायला हलला, तर तिरळेपणा खरा. अधूनमधून येणारा तिरळेपणा टॉर्चला सापडेलच असं नाही, म्हणून शंका असेल तर दाखवाच.

पहिले ३-४ महिने डोळे मधूनच इकडेतिकडे होतात, ते चालतं. त्यानंतर नाही. "चकणं म्हणजे भाग्याचं" हे ऐकलं की मला राग येतो. मेंदू त्या डोळ्याचं चित्र नाकारत जातो, नजर मंद होते. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा डोळा कित्येकदा नुसत्या प्लस नंबरच्या चष्म्याने सरळ होतो. फोटोत बाहुली पांढरी चमकली, तर मात्र दुसऱ्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.