जामीन : ओळखीचा की मालमत्तेचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘अमुक आरोपीला जामीन मिळाला’ अशी वाक्ये वृत्तपत्रांत रोज येतात. त्यांत ‘जामीन’ म्हणजे आरोपीची तात्पुरती सुटका. अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला हा शब्द मुळात मात्र माणसाचा वाचक आहे. दुसऱ्यासाठी स्वतःला बांधून घेतो तो जामीन. ‘कुळासाठी सावकाराकडे जामीन राहणे’ या प्रयोगात तो अर्थ अद्याप टिकून आहे. पुढे त्या माणसाला ‘जामीनदार’ म्हणण्याची रूढी पडली आणि मूळ शब्द सुटकेला चिकटला.

जुन्या मराठी व्यवहारात जामिनाचे प्रकार नेमके वेगळे केलेले होते. ठरल्या वेळी माणूस हजर होईल अशी हमी देणारा तो हाजीरजामीन. पैशाच्या फेडीची हमी देणारा तो मालजामीन. आणि चांगल्या वर्तणुकीची हमी देणारा तो फैलजामीन. मालजामिनापाशी मालमत्ता हवी, हे उघड आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, त्याची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. हाजीरजामिनापाशी मात्र त्या माणसाची ओळख आणि त्याच्यावर वजन असावे लागते.

फौजदारी न्यायालयातील जामीन हा प्रयोजनाने हाजीरजामीन आहे. आरोपी तारखेस हजर राहावा, एवढाच त्याचा मुख्य हेतू. प्रत्यक्षात मागणी होते ती मालजामिनाची : सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला. आरोपीला जन्मात न पाहिलेला धंदेवाईक जामीनदार कागदपत्रांच्या बळावर चालून जातो आणि सख्खा भाऊ नाकारला जातो.

ही अतिशयोक्ती नव्हे. १९७८ च्या मोतीराम विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या खटल्यात एका गरीब गवंड्याकडे दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला गेला. त्याचा भाऊ पुढे आला. पण तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तो अमान्य झाला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी वास्तव्य, काम, कुटुंब आणि भरवसा देणारी जबाबदार माणसे या गोष्टी विचारात घ्याव्यात, असे सांगितले. आरोपीची मुळे समाजात रुजलेली असतील, तर त्याला जातमुचलक्यावर सोडता येते, हा त्याचा आशय. जुना हाजीरजामीनच या विचारातून परत आला, असे म्हणता येईल.

ओळखीलाही आर्थिक मोल असते, हे अर्थशास्त्राला नवे नाही. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ग्रामीण संस्थांसाठी अमर्यादित जबाबदारीचे तत्त्व स्वीकारले होते. एकाच्या कर्जाला सर्व सभासद बांधील. म्हणून शेजाऱ्याची पारख हेच तारण.

तरीही २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन खटल्याचा निकाल न लागलेले होते. ते सर्वच जामीनदाराअभावी अडकले होते असे नव्हे. मात्र सुटकेचा आदेश होऊनही केवळ जामीनदार न मिळाल्याने आत राहणारा माणूस बहुधा भूमिहीन, स्थलांतरित किंवा रोजंदारीवरचा असतो. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देऊ न शकणाऱ्याला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद २००५ च्या दुरुस्तीने झाली आणि २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. तिची माहिती नसेल, तर आठवड्यामागून आठवडे जातात आणि बाहेर चूल विझते.

येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. अशा बंद्याच्या वस्तीत जाऊन त्याचे वास्तव्य, काम व कुटुंब यांची माहिती जमवावी, ती विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे पोहोचवावी आणि जातमुचलक्याची मागणी लावून धरावी. तेवढ्याने भागले नाही, तर स्वतः जामीन राहावे. त्यात धोका आहे. आरोपी फरारी झाला तर बंधपत्राची रक्कम भरावी लागते. म्हणून माणसाची ओळख आधी करून घ्यावी. वस्तीत वर्षानुवर्षे वावरणाऱ्या कार्यकर्त्याला ती नसेल, तर दुसऱ्या कोणाला असणार?