चघळलं, पण लक्षात राहिलं का?

वर्गात तोंड हलताना दिसलं की 'आधी बाहेर जाऊन थुंकून ये' म्हणणारे मास्तर आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. आता तेच च्युइंगगम एकाग्रता आणि स्मरणशक्ती वाढवण्याचं आश्वासन देत विकलं जातं. परीक्षा जवळ आली की आईवडिलांचा हात अशा पाकिटांकडे सहज जातो.

हा दावा अगदीच हवेतला नाही. २००२ साली इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात अँड्र्यू शोली आणि सहकाऱ्यांनी ७५ जणांचे तीन गट केले. एक गट च्युइंगगम चघळत होता, दुसरा तोंडात काही नसताना नुसताच जबडा हलवत होता आणि तिसरा स्वस्थ बसून होता. शब्द आठवून सांगण्यात चघळणारे सरस ठरले. मला त्या दुसऱ्या गटाचं फार कौतुक वाटतं. रिकामं तोंड हलवत बसलेली मंडळी कशी दिसत असतील ते डोळ्यांपुढे आणा! पण ती नसती, तर गुण च्युइंगगमचा की जबड्याच्या हालचालीचा, हा प्रश्नच कुणी विचारला नसता. आणि हे दुकानात मिळणारं साधंच च्युइंगगम होतं बरं का, त्यात बुद्धिवर्धक असं काही घातलेलं नव्हतं.

मात्र २००४ साली जर्मन संशोधकांनी हे पुन्हा तपासलं, तेव्हा स्मरणशक्तीचा फायदा काही दिसला नाही. २०११ साली अमेरिकेतल्या सेंट लॉरेन्स विद्यापीठात आणखी एक गोष्ट आढळली. चाचणीआधी पाच मिनिटं चघळलं, तर पुढची पंधरा-वीस मिनिटं मेंदू जरा तरतरीत राहतो. चाचणी चालू असताना चघळत राहिलं तर फायदा नाही. तीन तासांच्या पेपरला पंधरा मिनिटांची तरतरी किती पुरणार?

मग पाकिटावरचा 'फोकस' येतो कुठून? बहुतेकदा कॅफीनमधून. चघळताना ते तोंडाच्या आतल्या अस्तरातून थेट रक्तात शिरतं, त्यामुळे गोळीपेक्षा लवकर लागू पडतं. अमेरिकी लष्करात पहाऱ्यावरच्या सैनिकांना झोप लागू नये म्हणून एका तुकड्यात १०० मिलिग्रॅम कॅफीन असलेलं च्युइंगगम वापरलं गेलं. जागं राहणं वेगळं आणि लक्षात राहणं वेगळं, हा फरक जाहिरातीत सोयीस्करपणे पुसला जातो. २०१३ साली रिगली कंपनीने ४० मिलिग्रॅमचं च्युइंगगम अमेरिकेत आणलं. मुलांच्या पोटात जाणाऱ्या कॅफीनबद्दल तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने काळजी व्यक्त केली आणि काही आठवड्यांतच कंपनीने विक्री थांबवली.

काही पाकिटांवर गिंको या झाडाच्या पानांचा अर्कही दिसेल. अमेरिकेत पंचाहत्तरी ओलांडलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांना हा अर्क किंवा तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी कित्येक वर्षं देऊन पाहिली. २००८ आणि २००९ साली निष्कर्ष आले: विसराळूपणा रोखण्यात दोन्ही सारख्याच.

साधं च्युइंगगम कुणी चघळलं तर माझी हरकत नाही. कॅफीनचं असेल, तर पाकिटामागची बारीक अक्षरं जरूर वाचा. मोठ्या माणसाच्याही शरीरातून निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला चघळलेल्यापैकी निम्मं पहाटे तीनलाही अंगात असतं, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते नेमकं त्या झोपेत.